रीस्टार्ट हा फक्त फौरी इलाज

उन्हाळी सुट्टी जवळ आली की या मराठी पानावर घर, आंबे आणि आजोळ यांवर लेख येतात. या वेळी मी लॅपटॉपवर लिहितो आहे. सुट्टी संपवून परत आलेल्या कॅडेट्सच्या तोंडी दरवर्षी एक तक्रार असते : "सर, गेम खेळताना लॅपटॉप मध्येच हँग होतो. कधीही होतो, कसाही होतो. काय करायचं?"

घरी या तक्रारीवर तीन उत्तरे तयार असतात. आई-बाबा म्हणतात, "गेम खेळणं बंद कर, आपोआप नीट होईल." मुलगा म्हणतो, "हा जुना झाला, नवा घेऊ या." आणि कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो, "ठेवून जा, फॉरमॅट मारावा लागेल." पहिल्या उत्तराला खर्च नाही, दुसऱ्यात बाबांच्या खिशाला मोठी कात्री लागते आणि तिसऱ्यात थोडे पैसे व सगळे फोटो जातात. पण बिघाड नेमका कशामुळे झाला, हा प्रश्न तिघांपैकी कोणीही विचारलेला नसतो.

माझे मत असे की, गेममध्ये अडकणारा लॅपटॉप हा कॅडेटला घरबसल्या मिळालेला दोषशोधाचा उत्तम धडा आहे. पालकांनी तो त्याच्या हातून काढून घेऊ नये आणि त्यानेही तो टाळू नये. दोष सापडला तर लॅपटॉप सुधारेल, हे खरेच. पण शोधण्याची जी पद्धत अंगी बाणेल, ती पुढे लॅपटॉपपेक्षा कितीतरी महागड्या आणि जोखमीच्या यंत्रांपाशी कामाला येईल.

पालकांसाठी आधी एक शब्द समजावून सांगतो. एनसीसीत आणि सेनेत हत्यारांच्या शिकवणीत 'रोकें' आणि 'फौरी इलाज' असा एक धडा असतो. फायर चालू असताना एलएमजी अचानक बंद पडली तर जवान विचार करत बसत नाही. ठरलेल्या क्रमाने हात चालवतो आणि गन पुन्हा चालू करतो. तो झाला फौरी इलाज. पण फायरिंग संपल्यावर तीच गन उघडली जाते. गॅसच्या मार्गात कार्बन साचला होता का, मॅगझिनची स्प्रिंग ढिली होती का, एखादा पार्ट झिजला होता का, हे पाहिले जाते. फौरी इलाजाने गन चालू झाली म्हणून ती तशीच कोतमध्ये परत ठेवणारा जवान चांगला समजला जात नाही.

लॅपटॉप अडकला की पॉवरचे बटण दाबून धरायचे आणि पुन्हा चालू करायचा, हा आपला फौरी इलाज. तो करायलाच हवा. चूक होते ती पुढे. लॅपटॉप चालू झाला की आपण लगेच पुन्हा गेम उघडतो आणि झालेली गोष्ट विसरतो. दहा वेळा अडकला तर दहा वेळा रीस्टार्ट करतो आणि अकराव्या वेळी म्हणतो, "कधीही होतो, कसाही होतो."

रीस्टार्टवर भागवण्याची किंमत किती मोठी असू शकते, याचे एक उदाहरण प्रत्येक कॅडेटला माहीत असावे असे मला वाटते. आखाती युद्धात २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धाहरान येथे एक इराकी स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडले आणि २८ सैनिक ठार झाले. तिथे पॅट्रिअट ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा तैनात होती. तिच्या संगणकात वेळ मोजण्याच्या गणितात एक बारीक त्रुटी होती. सेकंदाचा दहावा भाग दोनच्या पद्धतीत नेमका लिहिता येत नाही, त्यामुळे यंत्रणा जितका जास्त वेळ सलग चालू राहील तितकी ही त्रुटी साचत जाई. धाहरानची बॅटरी १०० तासांहून अधिक काळ सलग चालू होती. साचलेली चूक होती सुमारे ०.३४ सेकंद. एवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापतो. यंत्रणा त्याला आकाशाच्या चुकीच्या तुकड्यात शोधत राहिली.

आता पुढचा भाग नीट वाचा. सलग चालवल्याने नेम सरकतो, ही माहिती इस्रायलकडून ११ फेब्रुवारीलाच मिळालेली होती. २१ फेब्रुवारीला तुकड्यांना कळवण्यात आले की यंत्रणा फार वेळ सलग चालवली तर अडचण येऊ शकते. पण 'फार वेळ' म्हणजे किती तास, हे त्या संदेशात नव्हते. रीस्टार्ट केला असता तर घड्याळ शून्यावर येऊन त्रुटी तात्पुरती नाहीशी झाली असती. सुधारलेले सॉफ्टवेअर धाहरानला पोहोचले २६ फेब्रुवारीला, म्हणजे घटनेच्या दुसऱ्या दिवशी.

गेम अडकणे आणि धाहरान यांची बरोबरी मी करत नाही. पण धडा एकच आहे. 'फार वेळ चालला की गडबड होते' हे वाक्य निरीक्षण म्हणून अपुरे आहे. 'किती वेळाने, कोणत्या कामात, काय काय बंद पडते' हे लिहिले की मगच ते उपयोगाचे होते. म्हणून माझा पहिला सल्ला असा : दुरुस्तीला हात घालण्याआधी एक वही घ्या.

वहीत प्रत्येक वेळी सहा गोष्टी लिहायच्या. तारीख आणि वेळ. कोणता गेम. सुरू केल्यापासून किती मिनिटांनी अडकला. चार्जर लावलेला होता की बॅटरीवर चालू होता. लॅपटॉप टेबलावर होता की गादीवर. आणि सर्वांत महत्त्वाचे, नेमके काय थांबले. पाच-सहा नोंदी झाल्या की 'कसाही' हा शब्द गळून पडायला लागतो. बहुतेक वेळा काहीतरी क्रम दिसतोच : नेहमी वीस-पंचवीस मिनिटांनी, किंवा नेहमी नवा नकाशा उघडताना, किंवा फक्त दुपारी.

'काय थांबले' हे ओळखायला थोडे शिकावे लागते, कारण 'हँग झाला' या एका शब्दात आपण चार निरनिराळे प्रकार कोंबतो.

पहिला प्रकार म्हणजे झटके. चित्र क्षणभर थांबते आणि पुढे सरकते. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या तर एका फ्रेमला जेमतेम १७ मिलिसेकंद मिळतात. सेकंदाचा पाचवा भाग अडथळा आला तरी १२ फ्रेम बुडतात आणि डोळ्याला ते लगेच कळते. दुसरा प्रकार : गेमचे चित्र थांबते, पण आवाज चालू राहतो आणि मागे विंडोज जिवंत असते. तिसरा प्रकार : सगळेच थांबते, माऊस हलत नाही, आवाज एकाच सुरात घरघरत राहतो. चौथा प्रकार : लॅपटॉप अडकत नाही, सरळ बंद पडतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारातला फरक ओळखायची एक युक्ती सांगतो. चित्र थांबले की कॅप्स लॉकचे बटण दाबा आणि त्याचा दिवा पाहा. दिवा लागतो-विझतो आहे तर संगणकाचा गाभा बहुधा जागा आहे, अडकला आहे तो गेम किंवा ग्राफिक्स. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबा. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि अनेकदा चित्र परत येते. दिवासुद्धा हलत नसेल तर प्रकरण खोल आहे आणि बटण दाबून धरण्याला पर्याय नाही. पण जे दिसले ते वहीत लिहा.

वही तुमची, तशी विंडोजचीही एक वही असते. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' हा शब्द इंग्रजीत टाइप केला की रिलायबिलिटी हिस्टरी उघडते. त्यात दिवसागणिक लाल फुल्या दिसतात : कोणता प्रोग्राम कधी कोसळला, विंडोज कधी नीट न सांगता बंद पडली. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये याहून बारीक नोंदी मिळतात. तिथे 'कर्नेल-पॉवर ४१' ही नोंद पाहून पुष्कळ मुले घाबरतात आणि तोच रोग समजतात. तो रोग नाही. संगणक नीट शटडाउन न होता पुन्हा सुरू झाला, एवढेच ती सांगते. तुम्ही स्वतः बटण दाबून बंद केलात तरी ती नोंद होते. त्याच्या काही सेकंद आधी काय लिहिले आहे, ते बघायचे. तिथे 'डिस्प्ले ४१०१' अशी नोंद असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर उत्तर देत नव्हता म्हणून विंडोजने त्याला पुन्हा उभे केले असा अर्थ. विंडोज त्यासाठी साधारण २ सेकंद वाट पाहते. 'व्हिया-लॉगर' या नावाच्या नोंदी असतील तर हार्डवेअरकडे बोट आहे.

आता कारणांकडे येऊ. माझ्या मते शोध नेहमी बिनखर्चाच्या आणि उलटवता येणाऱ्या गोष्टींपासून सुरू करावा.

सर्वांत आधी उष्णता. वर्ड फाइल उघडताना प्रोसेसरला घाम फुटत नाही. गेममध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप दोन्ही तासन्‌तास पूर्ण ताकदीने पळतात, आणि पातळ लॅपटॉपमध्ये दोघांची उष्णता बहुधा त्याच एक-दोन पंख्यांनी बाहेर काढायची असते. बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथे पोहोचला की तो स्वतःचा वेग कमी करतो आणि चित्राला झटके बसू लागतात. तरीही तापत राहिला तर स्वतःला वाचवण्यासाठी सरळ बंद होतो. म्हणजे पहिला आणि चौथा प्रकार दिसला की उष्णतेवर संशय धरावा.

"पण डिसेंबरच्या सुट्टीत तर नीट चालत होता," असे कॅडेट म्हणतात. चालणारच. पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. खोली २० अंशांवर असताना प्रोसेसर ८० अंशांवर राहत असेल, तर तेवढ्याच कामाला खोली ३८ अंशांवर गेल्यावर तो ९८ च्या आसपास जाईल. लॅपटॉप तोच, गेम तोच, महिना मे. त्यात तो गादीवर ठेवलेला असेल तर खालच्या जाळ्या बंद, आणि दोन वर्षांची धूळ पंख्यामागच्या पातळ पात्यांवर साचलेली असेल तर हवेला वाटच नाही. आपल्यापैकी अनेकांची घरे राजस्थानच्या धुळीत किंवा उत्तरेतल्या लू वाहणाऱ्या छावण्यांत आहेत. तिथे हा संशय सर्वांत वर ठेवावा.

तपासायला पैसे लागत नाहीत. लॅपटॉप टेबलावर घ्या, मागची कड दोन वह्यांवर उचलून ठेवा आणि तोच गेम तेवढाच वेळ खेळा. दुसऱ्या दिवशी वह्या काढा आणि गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा ६० करा. तापमान दाखवणारे एखादे खात्रीचे साधन सोबत चालू ठेवा आणि आकडे लिहा. फरक पडला तर कारण सापडले. मग धूळ साफ करून घेणे आणि लॅपटॉप तीन-चार वर्षांचा असेल तर जाणकाराकडून थर्मल पेस्ट बदलून घेणे, हा खर्च डोळसपणे केलेला असेल.

दुसरा संशय रॅम आणि साठवणीवर. टास्क मॅनेजर उघडून ठेवा आणि गेम चालू असताना मेमरी आणि डिस्क यांचे आकडे बघा. ८ जीबी रॅम, त्यात ब्राउझरच्या वीस टॅब, आणि वेगळी ग्राफिक्स चिप नसेल तर त्याच रॅममधून ग्राफिक्सचाही वाटा. रॅम भरली की विंडोज काही माहिती डिस्कवर हलवते. इथे वेगाचा फरक समजून घ्या. रॅममधून माहिती मिळायला सेकंदाचा सुमारे एक कोटीवा भाग लागतो, एसएसडीतून सुमारे दहा हजारावा भाग, आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून सुमारे शंभरावा भाग. हजारपट आणि लाखपट फरक आहे हा. गेमला हवी असलेली वस्तू रॅमऐवजी हार्ड डिस्कवर असेल तर गेम थांबणारच. नवा नकाशा उघडताना झटके बसतात ते बहुधा याचमुळे. इलाज सोपा : मागचे प्रोग्राम बंद करा, डिस्कवर जागा मोकळी करा. त्यानंतरही मेमरी पूर्ण भरतच असेल तर रॅम वाढवण्याची मागणी आकड्यांसह बाबांपुढे ठेवा. आकडे दाखवून मागितलेल्या वस्तूला नाही म्हणणे कठीण जाते, हा माझा अनुभव आहे.

रॅम कमी असणे वेगळे आणि रॅम सदोष असणे वेगळे. तिसऱ्या प्रकारचे संपूर्ण अडकणे पुन्हा पुन्हा होत असेल तर विंडोजमधलीच मेमरी डायग्नोस्टिक चाचणी रात्री लावून झोपा. डिस्कचीही स्वतःबद्दलची नोंद असते, तिला स्मार्ट म्हणतात, ती दाखवणारी मोफत साधने आहेत. डिस्कच्या नोंदीत इशारा दिसला तर त्या क्षणी गेम विसरा आणि आधी सगळ्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढा.

तिसरा संशय ड्रायव्हरवर. "अपडेट कर" हे आपल्याकडचे सार्वत्रिक औषध आहे. अपडेट करावेच, पण तक्रार अपडेटनंतरच सुरू झाली आहे का, हे वहीत पाहावे. तसे असेल तर आधीच्या ड्रायव्हरवर परत जाणे हाही इलाज आहे. ड्रायव्हर घ्यावा तो लॅपटॉप किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीकडूनच. 'एका क्लिकमध्ये वेग वाढवा' म्हणणारे बूस्टर वापरू नयेत. त्यांतले बरेचसे स्वतःच मागे चालत राहून भर घालतात.

चौथा संशय विजेवर. गेमिंग लॅपटॉपचे चार्जर अनेकदा १५० वॉटच्या पुढचे असतात. सोयीसाठी ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर लावून जड गेम खेळला तर यंत्राला भूक जास्त आणि ताटात कमी, अशी अवस्था होते. बॅटरीवर खेळताना वेग घटतो, तोही दोष नसून रचनेचा भाग आहे. म्हणून चार्जरचा रकाना वहीत ठेवला.

या सगळ्यात एक नियम मोडायचा नाही. एका वेळी एकच बदल. ड्रायव्हर बदलला, धूळ काढली, रॅम टाकली आणि विंडोजही नवी घातली, आणि लॅपटॉप नीट चालला, तर तुम्ही काय शिकलात? काहीच नाही. चारांपैकी तीन मेहनती फुकट गेल्या आणि कोणत्या, हेही कळले नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अडकला की पुन्हा चारही. फॉरमॅटला माझा विरोध आहे तो याचसाठी. फॉरमॅट कधी कधी लागू पडतो, पण तो पुरावा जाळून टाकतो. सगळे मार्ग संपल्यावर, प्रत काढून, शेवटी करायची ती गोष्ट आहे.

आणि कधी कधी दोष तुमच्या हातात नसतोच, हेही ऐकून ठेवा. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आली आणि तिने टीपीएम नावाची सुरक्षा सुविधा आवश्यक केली. त्यानंतर एएमडी रायझन प्रोसेसर असलेल्या काही संगणकांवर अधूनमधून, कारण नसताना, सगळे काही क्षण अडखळे. मार्च २०२२ मध्ये एएमडीने मान्य केले की प्रोसेसरच्या आत चालणारी ही सुविधा मदरबोर्डवरच्या एका छोट्या मेमरी चिपशी लांबलचक देवाणघेवाण करते, ती पुरी होईपर्यंत संगणक खोळंबतो. त्यावरची बायोस सुधारणा मे २०२२ पासून मिळू लागली. त्या संगणकांवर कितीही फॉरमॅट मारले, कितीही रॅम बदलली तरी उपयोग होणे शक्य नव्हते. वरवर निव्वळ लहरी दिसणाऱ्या त्या अडखळण्यालाही एक नेमके, लिहून दाखवता येणारे कारण होते. यंत्र लहरी नसते. आपले निरीक्षण अपुरे असते.

आता काही आक्षेप. पालक विचारतील, "गेमसाठी एवढा खटाटोप कशाला? गेम बंद, विषय बंद." गेम किती वेळ खेळावा हा घराचा निर्णय आहे आणि त्यात मी पडणार नाही. पण गेम बंद केल्याने दोष बरा होत नाही, फक्त दिसेनासा होतो. गेम हा घरातल्या लॅपटॉपवर पडणारा सर्वांत जड भार आहे. ज्या रॅममुळे आज गेम अडकतो, तीच उद्या प्रोजेक्टची फाइल बिघडवेल. जी डिस्क आज नकाशा उघडताना दमते, ती एनडीएच्या परीक्षेचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या संध्याकाळी, फोटो आणि सहीच्या स्कॅनसकट, मान टाकू शकते. बीपीटीत दम लागला तर आपण धावणे बंद करत नाही, छाती तपासतो.

माझे सहकारी शिक्षक म्हणतील, "हे म्हणजे मुलांना खेळायला निमित्त." तीही शंका रास्त आहे. म्हणून चाचणीला हद्द घाला : एक बदल, अर्धा तास, एक नोंद, मग लॅपटॉप बंद. ज्याला फक्त खेळायचे आहे त्याला हा कार्यक्रम दोन दिवसांत कंटाळवाणा होईल. जो टिकेल तो खेळत नसेल, शिकत असेल.

कॅडेट मित्रांनो, तुमच्यासाठी दोन कडक सूचना. कुठून तरी उतरवलेले 'क्रॅक' गेम चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद केला असेल, तर दोष शोधायची सुरुवात तिथूनच करा. अशा फाइलींतून आलेला प्रोग्राम तुमच्या नकळत प्रोसेसर राबवत असू शकतो. शिवाय चोरीचा गेम खेळणाऱ्याने ऑनर कोडवर भाषण करू नये. दुसरी सूचना जिवाची आहे. टचपॅड वर उचलला गेला असेल, खालचे झाकण फुगले असेल, तर बॅटरी फुगली आहे. तो लॅपटॉप चालवू नका, चार्ज करू नका, उघडू नका आणि बॅटरी टोचू नका. थेट अधिकृत दुरुस्ती केंद्राकडे न्या. वॉरंटी चालू असेल तर इतर वेळीही स्क्रू स्वतः काढू नका. वही मात्र सोबत न्या. "हँग होतो" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला फॉरमॅट मिळतो. "चार्जरवर, पंचवीस मिनिटांनी, ९७ अंशांवर, आवाजासकट" असे सांगणाऱ्याला उत्तर मिळते.

तुमच्यापैकी बहुतेकांना इन्फन्ट्री किंवा पॅरा हवी असते. हात वर करून "ईएमई" म्हणणारा वर्गात क्वचित सापडतो. पण १५ ऑक्टोबर १९४३ रोजी स्थापन झालेली ती कोअर सेनेची रायफलपासून रडारपर्यंतची साधने चालती ठेवते आणि 'कर्म ही धर्म' हे तिचे ब्रीद आहे. तुम्ही कुठल्याही शाखेत गेलात तरी एक दिवस तुमच्या हाताखाली रेडिओ सेट, जनरेटर, गाडी असेल आणि ऐन वेळी ते बंद पडेल. तेव्हा "साब, कभी भी बंद हो जाता है" असे कोणीतरी तुम्हाला सांगेल. त्या क्षणी तुम्ही त्याला काय विचाराल, यावर पुढचे सगळे अवलंबून असेल.

ते विचारायची सवय या मे महिन्यात, घरच्या टेबलावर, चाळीस पानी वहीत लावून घेता येते. सुट्टीहून परत आलात की गेममध्ये कितवी लेव्हल गाठली ते मला सांगू नका. वही दाखवा. दोष सापडला नसला तरी चालेल. कोणकोणती कारणे नाहीत हे तुम्ही पुराव्यानिशी लिहून आणलेत, तर उरलेली आपण कॉम्प्युटर लॅबमध्ये बसून मिळून शोधू.